मानवंदना घरीच द्या, पण नाव पूर्ण वाचा

बेळगाव, १७ जुलै २०२०

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २६ जुलैला कारगिल विजय दिवस आहे आणि यंदा तो रविवारी आला आहे. कोरोनामुळे कर्नाटकात ५ जुलैपासून दर रविवारी कडक लॉकडाऊन आहे. शनिवारी रात्री आठला बंद झालेले रस्ते सोमवारी पहाटे पाचलाच उघडतात. म्हणजे चौकातले व्यासपीठ नाही, बँड नाही, शाळेच्या मुलांची रांग नाही. महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे दिलेल्या लेकी-बहिणींना शिनोळीचा किंवा कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडून त्या दिवसापुरते माहेरी येता येणार नाही, कारण कर्नाटकाच्या ‘सेवा सिंधू’ संकेतस्थळावर नोंदणी करून आल्या तरी पुढे विलगीकरण आहेच. १५ जूनला गलवान खोऱ्यात वीस जवान धारातीर्थी पडले, त्याला महिनाच झाला आहे. अशा वेळी ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी मोठा कार्यक्रम करू’ असे गावोगाव बोलले जात आहे. ते आम्हाला पटत नाही.

आम्ही सैन्यातून निवृत्त झालेली आणि वीरपत्नींच्या पेन्शन-कागदपत्रांच्या कामात हात लावणारी मंडळी आहोत. आमचे सांगणे एकच आहे. मानवंदना घरच्या घरी द्या, आणि चौकात जी गोष्ट कधीच नीट होत नाही ती घरात नीट करा. गेलेल्या माणसाचे नाव पूर्ण, बरोबर आणि मोठ्याने वाचा. बिगूल नसला तरी चालेल, हार नसला तरी चालेल, नावात मात्र चूक नको.

चौकात ‘सर्व हुतात्म्यांना’ म्हणून एक पुष्पचक्र वाहिले जाते आणि यादी घाईघाईत उरकली जाते. आपल्या भागाला तर नाव गमावण्याचा जुना अनुभव आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कूतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावे लागले. त्या मोहिमेत ज्यांची कबर किंवा दहनाची जागा सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव लिहून पुढे नुसता आकडा घातला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कितीतरी पणजोबा त्या आकड्यांत आहेत. म्हणून नाव वाचण्याचा एवढा आग्रह.

पूर्ण नाव म्हणजे काय, तर सैन्य नंबर, हुद्दा, नाव-वडिलांचे नाव-आडनाव, पलटण, जिथे पडले ती जागा आणि तारीख. उदाहरण द्यायचे तर ‘नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, टायबर नदीचे वरचे खोरे, इटली, १० जुलै १९४४’. एका श्वासात वाचून होते, आणि माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या घरच्या माणसाचा असा एक कागद शनिवारपर्यंत तयार करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे घरातली म्हातारी माणसे चष्म्याशिवायही वाचतील. मागच्या बाजूला तेच कन्नडमध्ये लिहा. ग्रामपंचायतीचा फलक, शाळेचा फलक कन्नडमध्ये असतो, आणि ऐकून लिहिलेल्या नावात मात्रा-काना चुकला की ती चूक दगडावर जाते. आपण लिहून दिले तर रंगाऱ्याला विचारावे लागत नाही.

ही माहिती बहुधा घरातच असते, ट्रंकेच्या तळाशी. पेन्शनचा आदेश, पलटणीकडून आलेले पत्र, तार, पेबुक (पगाराची वही), हे सगळे काढा. आजच्या नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. पुष्कळजण ते ‘शिक्का असेल’ म्हणून सोडून देतात. ते नंबराचाच भाग आहे आणि त्यावाचून कार्यालयात शोध अडतो. सुभेदार-नायब सुभेदारांच्या नंबराआधी ‘जेसी’ लागते. जुन्या कागदात ‘जमादार’ असेल तर ते पोलिसातले पद समजू नका, आजचा नायब सुभेदार तो. पदक असेल तर ते उभे धरून कडेवर उजेड तिरका पाडा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली दिसतील. पहिल्या महायुद्धातल्या ‘१९१४-१५ स्टार’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर मात्र नाव कडेला नसून पाठीवर असते.

काही घरांत पदकाहून मोठी, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची चकती असते. एका बाजूला त्रिशूळ धरलेली बाई आणि सिंह, कडेने इंग्रजी अक्षरे, आणि चौकटीत एक नाव. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला दिलेली स्मृतिचकती आहे. तिच्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, कारण मरणात सगळे सारखे मानले होते. शंभर वर्षांत या चकत्यांनी घागरीवरचे झाकण होण्यापासून देव्हाऱ्यात पुजले जाण्यापर्यंत सगळे सोसले आहे. चिंच, राख किंवा भांडी घासायची पावडर लावून ती सणासुदीला लखलखीत करतात आणि दर वेळी नावाची उठावाची अक्षरे थोडी झिजतात. कृपा करून घासू नका. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, काळपटपणा तसाच राहू द्या. तो धातूचे रक्षण करतो.

पदकांनाही हाच नियम. चांदीचे पदक काळे पडले म्हणून खराब झाले असे नाही. पण ब्राँझवर भुकटीसारखे हिरवे ठिपके उठले तर ओल शिरली आहे असे समजा. आपल्याकडे जुलैत हे हमखास होते, विशेषतः पदके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की. पिशवीतून काढून सुती कापडात गुंडाळा आणि डब्यात औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या दोन-तीन पुड्या टाका. फीत फाटली असेल तर नवी लावा, जुनी मात्र जपून ठेवा. मांडताना क्रम असा, की पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला सर्वांत मानाचे पदक आणि तिथून उजवीकडे उतरता क्रम. पाटावर उलटे मांडले तर पदके तीच राहतात, पण जाणत्याच्या नजरेला ते खटकते.

पलटणीच्या नावाचा घोळ सगळ्यात जास्त. आजोबा ‘काळी पाचवी’ म्हणायचे, कागदात १०५ आहे आणि नातू दुसऱ्या मराठाचे नाव सांगतो. तिन्ही एकच. १९२२ मध्ये जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, तेव्हा १०३ ची पहिली बटालियन (आपली जंगी पलटण), १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी झाली. शर्कतची लढाई गाजवणारी ११४ ही दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली, आणि तिच्याच परंपरेत आपले बेळगावचे केंद्र उभे आहे. तिसरी पुढे हवाई छत्रीधारी होऊन २ पॅरा झाली. त्यामुळे इटलीत तिसऱ्या मराठात पडलेल्या आजोबांचा वारसा आज पॅरामध्ये शोधावा लागतो. वाचताना त्या काळचे नाव वाचा, आजचे नको.

घरात काहीच नसेल तर फोनवरूनही शोध घेता येतो. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृतांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. स्वातंत्र्यानंतरच्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते स्मारक खुले झाले तेव्हा तिथे सुमारे २६ हजार नावे होती. कमिशनच्या नोंदीत आडनावाने शोधलात तर बहुधा सापडणार नाही. शिंदे, जाधव, पाटील यांची स्पेलिंगे तेव्हाच्या कारकुनाने कानाला येतील तशी केली आहेत. काही नोंदींत आडनावच नाही, किंवा वडिलांचे नाव आडनावाच्या जागी आहे. ‘मराठा’ हा शब्दही जुन्या पद्धतीने, मधे ‘एच’ घालून लिहिलेला आहे. म्हणून आधी पलटण आणि देश टाका, मग वर्ष, आणि आलेल्या यादीत गाव शोधा. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, बायकोचे नाव आणि गाव दिलेले असते, आणि जिल्ह्याच्या जागी बेळगावचे जुने इंग्रजी स्पेलिंग. बायकोच्या नावावरून माणूस पक्का होतो. नुसत्या नावावर विसंबू नका, एकाच पलटणीत एका नावाचे चौघे सापडतात.

तारखेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे घराघरांत वाद होतात. तार गावात पोचली तो दिवस बाईच्या लक्षात राहतो आणि पुढे तोच दिवस पाळला जातो. प्रत्यक्ष मृत्यू त्याआधी चार दिवस किंवा चार महिनेही झालेला असतो. बेपत्ता असलेल्याला मृत ठरवले तर कागदावरची तारीख ही ठरवलेली तारीख असते. आणि श्राद्ध तिथीला होते, तारखेला नव्हे. यातले काहीच खोटे नाही आणि काहीच मोडायची गरज नाही. तिथीचे श्राद्ध तिथीला करा. शस्त्राने मरण आलेल्यांसाठी पितृपंधरवड्यात भाद्रपद वद्य चतुर्दशी राखलेलीच आहे, यंदा ती १६ सप्टेंबरला येते. पण कागदावर आणि वाचनात सैन्याच्या नोंदीतली तारीख घ्या. नोंदीत ‘अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान’ असे असेल तर तसेच वाचा, मधला एखादा दिवस मनाने निवडू नका.

२६ जुलै हा कारगिलचा दिवस आहे. १९९९ च्या त्या युद्धात ५२७ जण गेले. पण श्रीलंकेतल्या ऑपरेशन पवनमध्ये गेलेल्यांना, सियाचीनच्या बर्फात गेलेल्यांना, काश्मीरच्या रोजच्या चकमकीत गेलेल्यांना कोणताच विजय दिवस नाही. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत सुमारे बाराशे जवान पडले, आणि आजही त्यांच्या घरच्यांना ‘ते युद्ध कुठले?’ असे विचारले जाते. अशा घरांनी या रविवारी नाव वाचावेच, आणि आपल्या माणसाची खरी तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवावी. त्या घरांसाठी तीच तारीख हा स्मृतिदिन.

आता मांडणी. पूर्वेकडे तोंड करून पाट किंवा स्टूल ठेवा आणि त्यावर स्वच्छ पांढरे कापड घाला. तिरंगा अंथरू नका. फोटोखाली किंवा पदकांखाली तिरंगा पसरायची पद्धत फार बोकाळली आहे. ध्वजसंहितेप्रमाणे ध्वज हे टेबलावर घालायचे कापड नाही. पार्थिवावर तो घालतात ते फक्त शासकीय, सैनिकी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्ययात्रेत. पार्थिवावरचा जो ध्वज कुटुंबाला मिळाला आहे तो घडी करूनच ठेवावा. घडी अशी. ध्वज आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडा. मग पांढरी पट्टी दोन्ही बाजूंनी अशी दुमडा की अशोकचक्र मधोमध राहील आणि केशरी-हिरव्याची किनार दिसेल. ही घडी दोन्ही तळव्यांवर धरून आणायची आणि फोटोच्या शेजारी ठेवायची. तिच्यावर हळद-कुंकू, फूल, निरांजन काही नको.

दारात ध्वज लावायचा असेल तर २००२ च्या संहितेने आणि २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रत्येक नागरिकाला तो हक्क आहे. माप तीनास दोन. २०२० च्या नियमाप्रमाणे तो खादीचा असावा लागे आणि सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ लावता येई, म्हणजे या दिवसांत साधारण सव्वासहा ते सात. तो पूर्ण उंचीवरच लावा. दुःखाचा दिवस म्हणून काहीजण अर्ध्यावर बांधतात. ते चूक आहे, अर्ध्यावर आणायचा निर्णय सरकारचा असतो. उभा टांगलात तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे आला पाहिजे. पावसाने भिजला तर ओला घडी करू नका. खादीचा हिरवा रंग पांढऱ्यावर उतरतो आणि दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. आणि बाजारात आलेले तिरंगी मास्क या दिवशी तरी घालू नयेत. मास्क लाळेने भिजतो आणि शेवटी कचऱ्यात जातो.

फोटोला ओला हार घालू नका. हाराचे पाणी फ्रेमच्या कडेने आत उतरते, आणि कागद काचेला चिकटला की सुटत नाही. आधीच चिकटला असेल तर ओढू नका, पाणीही लावू नका, काचेसकट राहू द्या. शनिवारी दुपारी खिडकीपाशी आणून फोनने त्याची प्रत घ्या. फ्लॅश बंद ठेवा, फोन फोटोला समांतर धरा, आणि काचेत स्वतःची सावली दिसली तर मागे काळे कापड धरा. फ्रेम सुटी होत असेल तर फोटोची पाठही टिपा. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, कधी कधी वर्ष तिथे सापडते. तारा आणि पत्रांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने जुनी शाई उडते, आणि नंतर कार्यालयाने मूळ कागद मागितला तर तो सोडवता येत नाही.

दिवा लावणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, सॅनिटायझर लावून लगेच काडी ओढू नये. त्यात अल्कोहोल असते, हाताला आग लागते आणि दिवसाच्या उजेडात ती ज्योत दिसतसुद्धा नाही. सॅनिटायझरची बाटली त्या खोलीतच ठेवू नका. समई फोटोपासून हातभर लांब असू द्या.

पुष्पचक्र घरी होते. रविवारी फुलबाजार नाही, शनिवारी गर्दीत जायची गरजही नाही. नारळाच्या झावळीचे आठ-दहा हीर किंवा बांबूची एक कांबट एक फूट व्यासात वाकवून सुतळीने बांधा. त्यावर भाताचे पिंजर (वाळलेला पेंढा) अंगठ्याएवढ्या जाडीचे गुंडाळा. नुसत्या कांबटीवर फुले बांधली तर सरकून एका जागी गोळा होतात, पिंजरामुळे देठ रुतून बसतात. एक फूट व्यासाला घेर सुमारे अडतीस इंच येतो. दर दोन इंचांना एक जुडी धरली तर वीस जुड्या पुरतात. जुडीत तीन पाने आणि दोन फुले, म्हणजे साठ पाने, चाळीस फुले. पाने आंब्याची किंवा अशोकाची घ्या. फुले तगर, सोनचाफा, जे परसात असेल ते. तेरडा बांधताना गळतो, जास्वंद संध्याकाळी मिटते. प्रत्येक जुडीचा देठ आधीच्या जुडीच्या फुलांखाली दडवत एकाच दिशेने जा. मध्येच दिशा बदलली की तिथे उघडी खाच दिसते. शनिवारी रात्री पाणी शिंपडून ओल्या फडक्याखाली ठेवा. हे चक्र फोटोच्या गळ्यात घालायचे नाही, फोटोच्या पुढे तिरके टेकवून ठेवायचे.

वेळ अकराची धरा. अकराला कार्यक्रम सुरू करायचा नाही, अकराला मौन सुरू व्हायला हवे, म्हणून मागून मोजत या. दहा पंचावन्नला घरातली सगळी माणसे उभी राहतील, म्हाताऱ्यांना खुर्ची द्या. घरातल्या सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने दहा सत्तावन्नला नावाचा कागद वाचावा, सावकाश, दोनदा. लगेच वीरपत्नी किंवा घरातले थोरले माणूस पुष्पचक्र ठेवील. दहा अठ्ठावन्न उलटल्यावर बिगुलाची ‘लास्ट पोस्ट’ धून लावा, ती मिनिट-सव्वा मिनिटाची असते. अकरा ते अकरा-दोन मौन. मग ‘राउज’ ही छोटी धून, आणि शेवटी राष्ट्रगीत, बावन्न सेकंद. मराठा पलटणीचे घर असेल तर ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही घोषणा राउजनंतर द्या, मौनाच्या आधी नको. दुसऱ्या रेजिमेंटच्या घरांनी आपापली घोषणा द्यावी.

डोके उघडे असेल तर सलाम करू नये. आपल्या सैन्यात टोपीशिवाय सलाम नाही. साध्या कपड्यातल्या माणसाने सावधानमध्ये उभे राहावे, बायका-मुलांनी हात जोडावेत.

बिघडते ते बहुतेक फोनमुळे. धून इंटरनेटवरून थेट लावली तर ती संपताच पुढची जाहिरात आपोआप सुरू होते आणि ऐन मौनात साबणाचे गाणे वाजते. शनिवारीच धून उतरवून घ्या, एकदा पूर्ण ऐका, कारण लास्ट पोस्टच्या नावाखाली भलतेच काही असते. रविवारी तो फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पूर्ण चार्ज ठेवा, पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. नाक्यापलीकडच्या लेकीला सामील करून घ्यायचे असेल तर दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावा, पण तो नाव वाचेपर्यंतच. आवाज एक-दोन सेकंद मागे पडतो, त्यामुळे दोन्हीकडची धून एकमेकींवर चढते. नाव वाचून झाले की कॉल तोडा आणि दोन्ही घरांनी घड्याळ बघून आपापले मौन पाळा. चंदगडातले अकरा आणि बेळगावचे अकरा एकच आहेत. एका माणसाने मौनातही डोळे उघडे ठेवून घड्याळ बघायचे. अंदाजाने पाळलेले दोन मिनिटांचे मौन बहुधा पाऊण मिनिटात संपते. धून मिळालीच नाही तर नुसते मौन पुरे आहे, थाळी किंवा घंटा नको.

पुढाऱ्यांना आणि मंडळांना कळकळीची विनंती आहे. १९६५ आणि १९७१ च्या वीरपत्नी आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. ज्या वयाला घराबाहेर पडू नका असे सरकार सांगते, त्या वयाच्या बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीत शाल-श्रीफळ घेऊन पंधरा माणसे शिरतात, आणि फोटोसाठी मास्क खाली ओढतात. हे यंदा करू नका. आदल्या आठवड्यात तिला फोन करा, औषध-किराणा हवा का विचारा, तिच्या माणसाचे पूर्ण नाव विचारून लिहून घ्या. शाल पुढच्या वर्षी दिली तरी चालेल.

गावच्या स्मारकाचे काम शनिवारी दिवसाउजेडी, ग्रामपंचायतीला सांगून, दोघांनीच करावे. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेवाळ निघत नाही म्हणून ॲसिड ओतले की दगड खरबरीत होतो आणि पुढच्या पावसात दुप्पट शेवाळ धरतो. कोरलेल्या अक्षरांत ऑइलपेंट भरताना रंग बाहेर आला की घासपट्टी मारतात आणि कडा जातात. आपल्या गावांच्या वेशीवर, देवळामागे जे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे जुने कोरीव दगड) आहेत त्यांनाही याच दिवशी धुवा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे बसलेला वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदूर आणि तेलाच्या थराखाली हे सगळे दिसेनासे झाले आहे. थर खरवडू नका, निदान नवा चढवू नका.

रविवारी सूर्यास्ताला ध्वज उतरवा, पुष्पचक्र तुळशीपाशी ठेवा. नावाच्या कागदाच्या तीन प्रती करा. एक ट्रंकेत मूळ कागदांसोबत, एक नाक्यापलीकडे असलेल्या लेकीकडे, आणि एक सोमवारनंतर सोयीने ग्रामपंचायतीत किंवा शाळेत. ज्या घरातला माणूस गेला आणि मागे कोणी उरले नाही, जिथे आता दाराला कुलूप आहे, तिथले नाव शेजारच्या घराने आपल्या कागदाखाली लिहावे आणि दोन्ही नावे वाचावीत.

आपले,
बेळगाव-खानापूर-निपाणी भागातील काही माजी सैनिक